रोतेनबुरोची सहल कशी आखावी: जपानमधली उघड्यावरची गरम कुंडं

नागोयाकर

जपानच्या सहलींचे जे आराखडे इथे तपासायला येतात, त्यांत ओन्सेनचा, म्हणजे गरम झऱ्यांच्या गावातला मुक्काम हमखास तोक्यो आणि क्योतोच्या मध्ये कसाबसा कोंबलेला असतो. दिवसभर फुजी बघायचा, साडेसहाला रयोकान (पारंपरिक जपानी सराई) गाठायचं, सातला जेवण, नऊला पेंगत पेंगत एकदा कुंडात उतरायचं आणि सकाळी आठची गाडी. एवढ्यासाठी माणशी वीस हजार येन मोजायचे असतील, तर तो मुक्काम रद्द करून तोक्योतच राहिलेलं परवडलं. म्हणून हा वेगळा धागा. मुख्य मुद्दे मी मांडतो, बाकी जाणकारांनी भर घालावी.

सगळा खेळ वेळेचा आहे. रयोकानचं चेक-इन बहुधा दुपारी तीनला, जेवण सहा-साडेसहाला, चेक-आउट सकाळी दहाला. तीनच्या ठोक्याला दारात हजर असलात तर जेवणाआधी, झोपण्याआधी आणि पहाटे असं तीनदा पाण्यात जाता येतं. आधी ओन्सेनची रात्र ठरवा आणि मग तिच्या मागेपुढे गाड्या बसवा. शनिवारची रात्र, एप्रिलअखेर ते ५ मे, ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन सण आणि नववर्षाचा आठवडा टाळा. तेव्हा त्याच खोलीचे दर कुठल्या कुठे जातात.

भाडं माणशी असतं, खोलीमागे नाही. यात भल्याभल्यांची फसगत होते. दोन जेवणांसकट साधारण रयोकान माणशी १५,००० ते २५,००० येन. खोलीला स्वतःचं रोतेनबुरो असेल तर ३०,००० च्या पुढे. १०० येनला ५५ ते ६० रुपये धरा. वर ओन्सेन कर, बहुतेक ठिकाणी माणशी १५० येन, तो अनेकदा निघताना रोख घेतात. मुलांचे दर जेवण आणि गादी हवी की नको यावर ठरतात, त्यामुळे बुकिंग करताना वय आणि हे दोन्ही नीट भरा.

नुसती आंघोळ करून परत यायचं असेल तर त्याला हिगाएरी म्हणतात. ५०० ते १५०० येन, टॉवेल भाड्याने २००-३०० येन. मात्र रयोकानमधलं हिगाएरी साधारण दुपारी तीन-चारला बंद होतं, कारण तेव्हा मुक्कामाची मंडळी यायला लागतात. संध्याकाळी जाऊ म्हणाल तर दारावरूनच परत फिराल.

घाटवाट

उत्तम धागा. पाण्याबद्दल भर घालतो, कारण लोक फोटो बघून रयोकान निवडतात आणि फोटोत पाणी कळत नाही.

१९४८ च्या जपानी ओन्सेन कायद्यानुसार उगमाशी पाणी २५ अंश सेल्सियस किंवा त्याहून गरम असलं, किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एक तरी पुरेशा प्रमाणात असला, की ते ओन्सेन. म्हणजे उगमाशी २६ अंशांचं साधं पाणी वर आणून तापवलं, गाळून पुन्हा पुन्हा फिरवलं आणि क्लोरीन घातलं तरी पाटी ओन्सेनचीच. यात बेकायदा काही नाही, पण तुम्ही सात हजार किलोमीटरवरून त्यासाठी आलेले नसता.

२००४ मध्ये नागानो प्रांतातल्या शिराहोने इथे पाणी दुधाळ दिसावं म्हणून स्नानाची पूड मिसळल्याचं उघडकीस आलं आणि देशभर गदारोळ झाला. त्यानंतर २००५ पासून चार गोष्टी पाटीवर जाहीर करणं सक्तीचं झालं: बाहेरचं पाणी मिसळलंय का, तापवलंय का, फिरवून वापरलंय का, आणि काही घातलंय का किंवा निर्जंतुक केलंय का. ही पाटी कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर असते. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करायचा मोह होईल, पण त्या खोलीत फोन बाहेर काढायचाच नसतो. त्यापेक्षा रयोकानच्या संकेतस्थळावर आधीच शोधा. हवा तो शब्द 'गेन्सेन काकेनागाशी', म्हणजे उगमाचं पाणी सतत आत येतं आणि काठावरून वाहून जातं, परत फिरवलं जात नाही.

शेजारीच पाण्याचं पृथक्करणपत्र लावलेलं असतं. त्यातले दोनच आकडे बघा. एक, उगमाचं तापमान: ४५ ते ६० असेल तर बहुधा न तापवता, फार पाणी न मिसळता कुंडात येतं; ९० च्या वर असेल तर ते थंड कसं करतात ते विचारायचं. दुसरा पीएच: ८.५ च्या वर असेल तर अंग साबण लावल्यासारखं बुळबुळीत लागतं, ३ च्या खाली असेल तर जखमा आणि डोळे चुरचुरतात. अकिता प्रांतातल्या तामागावाचा पीएच १.२ च्या आसपास आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये.

पिंपळपान

वाचनखूण साठवली. आम्ही चौघं: नवरा-बायको, अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई, नऊ वर्षांचा मुलगा. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. सासूबाई शुद्ध शाकाहारी, रक्तदाबाची गोळी चालू आहे, दोन्ही हातांवर गोंदण आहे. आणि खरं सांगायचं तर कपड्यांशिवाय चारचौघांत उतरायची कल्पनाच घरात कुणाला पचत नाहीये. तरी जावं का?

हिरवाचाफा

जावं की! कपड्यांचं आधी सांगते. पोहण्याचा पोशाख, गाउन, पंचा काहीही घालून साध्या कुंडात उतरता येत नाही. वज्रेश्वरीला साडीसकट उतरतात तसं इथे चालणार नाही. सगळे तेच पाणी वापरतात, त्यामुळे कापडाबरोबर साबण आणि मळ आत जाऊ नये हा हेतू. बायका-पुरुषांची कुंडं वेगळी असतात. कोन्योकु, म्हणजे एकत्र कुंडं, आता थोडी उरली आहेत आणि ती शोधून जावं लागतं, चुकून कुणी तिथे पोचत नाही. त्यांतल्या काही ठिकाणी, उदाहरणार्थ गुन्मातल्या ताकारागावाला, अंगावर घालायचा वेगळा झगा देतात.

संकोच टाळायला तीन मार्ग.

पहिला काशिकिरी, म्हणजे ४५-५० मिनिटांसाठी कुटुंबाला अख्खं कुंड. कुठे फुकट, कुठे २००० ते ४००० येन. तुमच्यासाठी हाच योग्य. काही ठिकाणी खोलीबरोबरच आरक्षण होतं, काही ठिकाणी चेक-इनला कागदावर वेळा लिहून घेतात. तीनला पोचणारे पाच आणि आठच्या चांगल्या वेळा घेऊन जातात, साडेपाचला पोचणाऱ्यांना रात्री साडेदहाची मिळते.

दुसरा खोलीतलंच रोतेनबुरो. इथे एक मेख आहे: बाल्कनीतल्या त्या सुंदर लाकडी पिंपात ओन्सेनचं पाणी असेलच असं नाही. कित्येक ठिकाणी तो नळाच्या गरम पाण्याचा टब असतो. माहितीत 'ओन्सेन' हा शब्द खोलीच्या कुंडाला लावलाय की फक्त हॉटेलला, हे विचारून घ्या.

तिसरा हाकोनेचं युनेस्सुन. तिथल्या मोठ्या विभागात पोहण्याच्या पोशाखात सगळं कुटुंब एकत्र जाऊ शकतं. मुलगा खूश होईल. पण ते जलक्रीडा उद्यान म्हणून बघा, रोतेनबुरो म्हणून नाही.

नऊ वर्षांचा मुलगा बायकांच्या बाजूला नेता येणार नाही. पूर्वी बऱ्याच ठिकाणी दहाच्या आतली मुलं चालायची, पण २०२० मध्ये आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना बदलल्यावर बहुतेक प्रांतांनी मर्यादा सातवर आणली. तो बाबांबरोबर जाईल.

गोंदणाचं: २०१५ मध्ये जपानच्या पर्यटन विभागाने केलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्या सुमारे ५६ टक्के ठिकाणी गोंदलेल्यांना मनाई होती, साधारण १३ टक्के ठिकाणी झाकलं तर चालत होतं. नियम मुळात तिथल्या गुंडांच्या टोळ्यांसाठीचा. सासूबाईंच्या हातावरच्या तुळशीवृंदावनाकडे बघून कुणाला गुंड आठवणार नाही, पण दारावरच्या माणसाला नियम म्हणजे नियम. ठिपके-रेघा लहान असतील तर त्वचेच्या रंगाची चिकटपट्टी पुरते. काही रयोकान साधारण ८ बाय १० सेंटिमीटरचीच एक पट्टी चालेल असं सांगतात. कोपरापर्यंत असेल तर काशिकिरी घ्या, किंवा कीनोसाकी या ओन्सेनच्या गावाला जा, तिथल्या सार्वजनिक स्नानगृहांत गोंदण चालतं. आणि निघायच्या आधी लग्न असेल तर मेंदी जपून! तीही गोंदणच समजली जाऊ शकते.

नागोयाकर

हिरवाचाफा, +१. पुरुषांच्या बाजूचा एक मुद्दा: दारावरचे कापडी पडदे, निळा पुरुषांचा, लाल बायकांचा. रंगावर फार विसंबू नका. ज्या अक्षरात वर चार खणांच्या खिडकीसारखा चौकोन आहे ते पुरुषांचं. बऱ्याच रयोकानमध्ये रात्री किंवा पहाटे पडदे अदलाबदल करतात, म्हणजे दोन्ही कुंडं सगळ्यांना मिळावीत. रात्री गेलात त्याच दारात पहाटे झोपेत शिरू नका.

हिरवाचाफा

आत गेल्यावर काय करायचं, ते क्रमाने लिहून टाकते. लोक इथेच भांबावतात.

चपला बाहेरच्या फडताळात. कपडे बदलायच्या खोलीत वेताच्या टोपल्या किंवा लॉकर असतात. लॉकरला १०० येनचं नाणं लागतं, बहुधा परत मिळतं. मोठा टॉवेल टोपलीतच ठेवायचा, हातरुमालाएवढा छोटा तेवढा घेऊन आत जायचं.

आत भिंतीला लागून बुटके नळ, समोर आरसा, प्लॅस्टिकचं किंवा लाकडी बसकं स्टूल आणि एक घमेलं. स्टुलावर आधी पाणी ओता, मग बसा. उभ्याने शॉवर घेतलात तर शेजारच्यावर शिंतोडे उडतात. नजरेने बोलणारे लोक आहेत, बोलून दाखवणार नाहीत. शॅम्पू, साबण बाटल्यांत असतो. डोक्यापासून पायापर्यंत साबण लावून, फेसाचा मागमूस राहणार नाही इतकं धुवायचं. उठताना स्टूल आणि घमेलं विसळून पालथं ठेवायचं.

मग काकेयु: कुंडाच्या तोंडाशी लाकडी तांब्या असतो. पायावर, मांड्यांवर, पोटावर, हातांवर, शेवटी खांद्यांवर असं खालून वर पाणी घ्यायचं. पाणी ४२ अंशांचं असतं आणि अंगाला त्याची ओळख करून द्यायची असते. दहा-बारा तांबे घ्या, दोन नव्हे. मग हळूच उतरायचं. उडी, पोहणं, डुबकी काही नाही. लांब केस वर बांधलेले हवेत. छोटा टॉवेल डोक्यावर घडी करून किंवा काठावरच्या दगडावर ठेवायचा, पाण्यात पिळायचा नाही.

बाहेर पडताना त्याच टॉवेलने अंग कोरडं करूनच कपड्यांच्या खोलीत पाय टाका. तिथली जमीन ओली केली तर पाटी नसली तरी ती चूकच.

पाळी चालू असताना सार्वजनिक कुंडात उतरत नाहीत. डायपर लागणारी बाळंही मोठ्या कुंडात चालत नाहीत, काशिकिरीत चालतील का ते विचारावं लागतं.

दागिने काढून ठेवा, आणि हे मनावर घ्या. गंधकाच्या पाण्यात चांदी मिनिटांत काळी पडते. जोडवी, पैंजण, चांदीची साखळी सगळं. बावीस कॅरट सोन्यात तांबं-चांदी असते, त्यामुळे मंगळसूत्राच्या वाट्याही डागाळू शकतात. काचेच्या बांगड्या दगडी काठावर आपटून फुटल्या तर अख्खं कुंड रिकामं करायची वेळ येईल. सगळं खोलीतल्या तिजोरीत ठेवून या.

नाडीपरीक्षा

रक्तदाबाबद्दल. धोका पाण्यापेक्षा तापमानातल्या उडीचा असतो. थंड खोलीत कपडे उतरवले की रक्तवाहिन्या आकसतात, दाब चढतो. लगेच ४२ च्या पाण्यात गेलं की त्या पसरतात आणि दाब घसरतो. मग झटकन उभं राहिलं की भोवळ, आणि तीही ओल्या दगडावर.

सासूबाईंसाठी: ४० अंशांच्या आसपासचं कुंड निवडा (रोतेनबुरो बहुधा आतल्यापेक्षा थोडं कोमट असतं), आधी छातीच्या खालपर्यंतच, पहिल्या खेपेला तीन ते पाच मिनिटं. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाचं मार्गदर्शन सुरुवातीला ३ ते १० मिनिटं आणि सवय झाल्यावर १५ ते २० असं आहे. उठताना कठडा धरून, दोन टप्प्यांत. जेवणानंतर अर्धा तास थांबा, दारू प्यायल्यावर अजिबात नाही. आधी पेलाभर पाणी, नंतर पेलाभर. एकट्याने जायचं नाही. आणि निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः हृदयाचा त्रास असेल तर.

गरोदर बायकांसाठी: पूर्वी पाट्यांवर गरोदरपण वर्ज्यांच्या यादीत असायचं, २०१४ मध्ये ते यादीतून काढलं. जुन्या पाट्या बघून दचकू नका. घसरण्याचा आणि फार तापण्याचा धोका मात्र आहेच.

रुळावरून

आता जागा आणि गाड्या. ऑक्टोबरअखेर असेल तर पानगळीचे रंग कुठे चालू असतात त्यावरून ठरवा. हाकोनेला रंग नोव्हेंबरच्या मध्यानंतर. कुसात्सुला आणि न्युतोला ऑक्टोबरच्या मध्यापासून शेवटापर्यंत, म्हणजे अखेरच्या आठवड्यात न्युतोला बराचसा ओसरलेला.

हाकोने सोपं: शिंजुकूहून रोमान्सकारने हाकोने-युमोतो दीड तासाच्या आत. पण ही ओदाक्यू कंपनीची गाडी, जेआर (जपान रेल्वे) पास चालत नाही. हाकोने फ्रीपास घेतलात तरी रोमान्सकारचं जादा भाडं वेगळं. गर्दी प्रचंड.

कुसात्सु (गुन्मा): उएनोहून थेट एक्स्प्रेसने नागानोहारा-कुसात्सुगुची सुमारे अडीच तास, तिथून बसने २५ मिनिटं. बस गाडीच्या वेळेला जोडलेली असते, त्यामुळे फलाटावर फोटो काढत बसू नका. दुसरा रस्ता शिंकानसेनने (बुलेट ट्रेनने) कारुइझावा आणि तिथून बस, सव्वा तास.

न्युतो (अकिता): तोक्योहून कोमाची शिंकानसेनने ताझावाको तीन तासांच्या आत, पुढे बस ५० मिनिटं. कोमाचीत सगळ्या जागा आरक्षित असतात. शेवटची बस लवकर सुटते, ती चुकली तर टॅक्सीला खिसा रिकामा होईल.

कीनोसाकी (ह्योगो): क्योतोहून एक्स्प्रेसने अडीच तासांच्या आसपास, ओसाकाहून थोडं जास्त. तोक्यो-क्योतो सहलीत सगळ्यात सहज बसणारं.

कुरोकावा (कुमामोतो): क्यूशूत जात असाल तरच. फुकुओकाहून बसने तीन तासांच्या आसपास, आसन आधी राखून ठेवावं लागतं.

देशभराचा सात दिवसांचा जेआर पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून ५०,००० येन झाला. तोक्यो-क्योतो-एक ओन्सेन एवढ्यासाठी तो आता बहुधा वसूल होत नाही. सुटी तिकिटं किंवा प्रादेशिक पास बघा.

मोठ्या बॅगा घेऊन डोंगरात जाऊ नका. हॉटेलच्या काउंटरवरून तक्क्यूबिनने (सामान पोचवणाऱ्या सेवेने) पुढच्या शहरातल्या हॉटेलला पाठवा, बॅगेमागे दोन-तीन हजार येन, बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते. ओन्सेनला एका पाठपिशवीत औषधं, बदलायचे कपडे आणि रोख रक्कम. रयोकानमध्ये युकाता, म्हणजे पातळ सुती झगा मिळतो, तो घालून जेवायलाही जातात. डावी बाजू उजवीच्या वर घ्यायची. उलट फक्त मृताला नेसवतात.

घाटवाट

रुळावरून यांच्या यादीत पाण्याच्या बाजूने थोडं.

कुसात्सुचं पाणी आम्लधर्मी आहे, पीएच २ च्या आसपास. गावाच्या मध्यभागी युबाताके आहे, तिथे लाकडी पन्हळींतून पाणी वाहवत थंड करतात, कारण साधं पाणी मिसळलं तर घटक पातळ होतात. याच कारणासाठी लांब फळ्यांनी पाणी ढवळण्याची, युमोमीची प्रथा. तिथलं साइनोकावारा रोतेनबुरो सुमारे ५०० चौरस मीटरचं, बागेच्या टोकाला, भोवती झाडी. तिथे साबणाने धुवायची सोय नाही. साबण घेऊन गेलात तरी आम्लात फेस येत नाही. आधी रयोकानवर अंघोळ करून जा, दारात काकेयु घ्या. गावातली शिराहाता, चियो आणि जिझो ही तीन छोटी स्नानगृहं पाहुण्यांना फुकट आहेत, पण पाणी रोतेनबुरोपेक्षा बरंच कढत. मुलाला तिथे नेऊ नका. कॉन्टॅक्ट लेन्स काढा, पाण्याचे हात डोळ्यांना लावू नका. त्वचा नाजूक असेल तर बाहेर पडताना साध्या पाण्याने अंग धुवा.

कीनोसाकीची गंमत पाण्यात नाही. तिथलं पाणी मध्यवर्ती व्यवस्थेतून सगळीकडे वाटलं जातं. गंमत युकाता घालून, लाकडी खडावा वाजवत एका सार्वजनिक स्नानगृहातून दुसऱ्यात जाण्यात. परंपरेने अशी सात, गावात मुक्काम केला की प्रवेश फुकट. प्रत्येकाचा साप्ताहिक सुटीचा वार वेगळा, तो आधी बघा. रोतेनबुरोसाठी गोशोनोयु आणि कोनोयु. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत खेकड्यांचा हंगाम आणि दर चढलेले. शाकाहारी माणसाने तेव्हा जाऊन दुसऱ्याच्या खेकड्याचे पैसे का भरावेत?

कुरोकावाला लाकडी चकतीचा पास मिळतो, १५०० येनच्या आसपास, सहा महिने चालतो, त्यावर वेगवेगळ्या रयोकानांची रोतेनबुरो. सगळ्यात जास्त रोतेनबुरो एका दिवसात बघायची असतील तर हेच गाव. पण दिवसात तीनच्या वर नको, अंग गळून जातं.

शेवग्याची_शेंग

शाकाहाराचा मुद्दा कुणीच घेतला नाही, म्हणून लिहिते. अडचण मांसाची नाहीच, दाशीची आहे. वाळवलेल्या बोनितो माशाच्या किसाचं पाणी मिसो सूपमध्ये, भाजीच्या रश्श्यात, अंड्याच्या वाफवलेल्या पदार्थात, नूडल्सच्या बुडवणीत, सगळीकडे असतं. नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहिलं तर ताटात मासा नसेल, पण सूप माशाचंच येईल. आणि त्यांच्या लेखी त्यांनी तुमचं ऐकलेलं असतं.

बुकिंगच्या वेळीच, नंतर नव्हे, यादी करून लिहा: मांस, कोंबडी, मासे, कोळंबी, खेकडा नको, माशाचं दाशी नको, कोंबु या समुद्री शैवालाचं किंवा शिताके अळंब्यांचं दाशी चालेल, अंडी आणि दूध चालतं की नाही. उत्तर 'जमणार नाही' असं आलं तर वाद घालू नका, तो प्रामाणिकपणा आहे. कैसेकीचे, म्हणजे रयोकानच्या पारंपरिक जेवणाचे दहा-बारा पदार्थ सकाळपासून शिजत असतात, एका पाहुण्यासाठी दुसरं दाशी लावणं लहान स्वयंपाकघराला झेपत नाही.

जमत नसेल तर सुदोमारी घ्या, म्हणजे विनाजेवण खोली. पण तो फक्त कुसात्सु, हाकोने-युमोतो, कीनोसाकी असल्या दुकानं असलेल्या गावांत. न्युतोला रयोकानबाहेर खायला काही नाही. आणि गावातही रात्री आठनंतर शटर खाली, त्यामुळे सहालाच सोय बघा. खोलीत पाणी उकळायची किटली असते: तयार उपमा, पोहे, सूप यांची पाकिटं, थेपले, चटणी. इंडक्शन शेगडी तातामीवर (खोलीतल्या गवती चटयांवर) लावू नका, आगीच्या नियमांत बसत नाही. घरचा डबा जेवणघरात उघडू नका, खोलीत खा.

पिशवीत ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, लिंबं घालू नका. विमानतळावर वनस्पती तपासणीत अडकतात. मांसाचे पदार्थ तर नाहीच नाही.

पिंपळपान

सगळ्यांचे आभार. आता असा विचार आहे: तोक्यो चार रात्री, कुसात्सु एक, क्योतो तीन, ओसाका एक. कुसात्सुहून सकाळी निघून त्याच दिवशी क्योतो. चालेल?

रुळावरून

चालेल, पण दिवस प्रवासात जातो: बस, कारुइझावाहून शिंकानसेनने तोक्यो, तिथून क्योतो. बदल्यांसकट सहा तास धरा. त्यापेक्षा दोन पर्याय. कुसात्सुच हवं असेल तर तिथे दोन रात्री घ्या, तोक्योतली एक कमी करा, आणि बॅगा तोक्योहून परस्पर क्योतोच्या हॉटेलला पाठवा. नाहीतर कुसात्सु सोडून क्योतोहून कीनोसाकी एक रात्र: सकाळी दहाच्या सुमाराची गाडी, एकला गावात, बॅग रयोकानला ठेवून पायी फिरणं, तीनला खोली. तिथून परतताना थेट ओसाका. सासूबाईंना ओला डोंगरउतार नको असेल तर दुसरा पर्याय बरा, गाव सपाट आहे.

व्हिसाच्या अर्जात दिवसवार कार्यक्रम आणि मुक्कामाचे पत्ते द्यावे लागतात, तर आधी विनाशुल्क रद्द होणारं बुकिंग करा. रयोकानचे रद्द करण्याचे नियम हॉटेलपेक्षा कडक असतात, आठवडाभर आधीपासून टक्केवारी चढत जाते. न सांगता गैरहजर राहिलात तर पूर्ण रक्कम.

हिरवाचाफा

मी कीनोसाकीच्या बाजूने. गोंदणाचा प्रश्न सार्वजनिक स्नानगृहांत मिटतो. रयोकानचं स्वतःचं कुंड मात्र वेगळं, तिथला नियम विचारा. आणि काशिकिरी असलेलंच रयोकान बघा, म्हणजे पहिली आंघोळ घरच्यांपुरती होईल. संकोच त्यातच निम्मा जातो, मग सासूबाईच म्हणतील की आता मोठ्या कुंडात जाऊ.

तळकोकण

एक शंका. आम्ही फेब्रुवारीत बर्फातल्या रोतेनबुरोसाठी न्युतोला जातोय, त्सुरुनोयुचं दुधाळ पाणी बघायचंय. तिथे खोली मिळाली नाही, शेजारच्या रयोकानमध्ये राहतोय. हिगाएरीला कधी जावं?

घाटवाट

त्सुरुनोयुचं हिगाएरी सकाळी दहा ते दुपारी तीन. सोमवारी रोतेनबुरो साफसफाईसाठी बंद असतं, हिगाएरीवाल्यांना फक्त आतली कुंडं मिळतात. तेवढा वार टाळा. मधलं मोठं कुंड एकत्र आहे, बायकांसाठी वेगळं रोतेनबुरोही आहे. पाणी अपारदर्शक असल्याने उतरल्यावर काही दिसत नाही, उतरेपर्यंतच्या चार पावलांचा काय तो प्रश्न. दहाला दार उघडतं तेव्हाच जा, अकरानंतर बसने गर्दी येते.

न्युतोत मुक्काम असेल तर सातही रयोकानांची कुंडं फिरायची वही विकत मिळते, ती फक्त मुक्कामाच्या पाहुण्यांना, रयोकानच्या काउंटरवरच मागा. फेब्रुवारीत बुटांना पकड हवी, पायऱ्यांवर बर्फ गोठलेला असतो. केस ओले करू नका, उणे पाचात ते कडक होतात. आणि रोख रक्कम ताझावाकोच्या आधीच, शिंकानसेन पकडण्यापूर्वी सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून काढा. डोंगरात परदेशी कार्ड चालेलच असं नाही.